पुडीतले बक्षीस



न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवर धर्म, इतिहास, वाङ्मय, राजकारण असे भारदस्त विषय येत राहिले. आम्ही मात्र आज किराणा दुकानातल्या पाच रुपयांच्या पुडीत निघणाऱ्या शिट्टीविषयी बोलणार आहोत. विषयाची चिठ्ठी वाचून काही मंडळी हसली असतील, तर त्यात त्यांचा दोष नाही. तथापि तास संपण्यापूर्वी या शिट्टीचे वजन त्यांना थोडे अधिक वाटावे, अशी आमची इच्छा आहे.

आपल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात वसंत हा केवळ पळस आणि कोकिळेचा ऋतू नव्हे. तो खरेदीचाही ऋतू आहे. दिवाळीनंतर भिवंडी, वसई, ठाणे या बाजूला वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर गेलेली कुटुंबे पावसापूर्वी परत येतात. हंगामाचा हिशोब होऊन, घेतलेली उचल वजा जाऊन, जे काही हाती उरते ते घेऊन येतात. मग अगोटीचा बाजार होतो. मीठ, मिरची, तेल, चहा, साखर, सुकट, बोंबील. ओढे भरले की पाड्यावरून बाजार गाठणे कठीण, म्हणून ही बेगमी. आई तेलाचा भाव विचारीत असते आणि तिचा पदर धरून उभे असलेले मूल दुकानाच्या दारी लोंबणाऱ्या रंगीत पुड्यांच्या माळेकडे पाहत असते. त्या पुडीत काय खायचे आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि त्याची त्याला पर्वाही नसते. आत काय 'निघणार' एवढेच त्याला हवे असते.

फुकट देण्याची रीत काही नवी नाही. जुना दुकानदार धान्य मापून झाल्यावर मापावर एक मूठ घालीत असे. भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकी. पोराच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवल्यावाचून त्याच्या बापाचा हिशोब पुरा होत नसे. या मुठीत गोडवा होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तिचे गोडवे गाण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. एक अशी की ती मूठ डोळ्यांसमोर पडत असे. कमी पडली तर गिऱ्हाईक हक्काने म्हणे, "शेट, आज हात आखडला का?" दुसरी गोष्ट कडू आहे. मापावर मूठ घालणाराच पुष्कळदा पावसाळ्यात खावटी देणाराही असे, आणि आषाढात नेलेले धान्य पीक आल्यावर दिढीने वा दुपटीने घरी आणून घालावे लागे. मिठा-मिरचीच्या बदल्यात मोहफुले, हिरडा, डिंक जात. भाव कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न उद्भवतच नसे. ही पिळवणूक थांबावी म्हणून १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९७६ साली आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी राज्याने स्वतंत्र कायदाही केला. म्हणजे 'फुकट' या शब्दाकडे संशयाने पाहण्याचे शिक्षण या डोंगराला पुस्तकांतून घ्यावे लागलेले नाही. म्हणूनच या नव्या फुकटाच्या वेळी तो संशय का जागा होत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

चहाचेच पाहा. आज पाड्यापाड्यावर सकाळी कोरा चहा उकळतो आणि तो जणू पिढ्यान्पिढ्यांचा रिवाज आहे असे वाटते. वस्तुतः शंभर वर्षांपूर्वी सामान्य हिंदी माणूस चहा पीतच नव्हता. मळेवाल्यांचा माल परदेशी जाई. १९०३ साली निर्यातीच्या चहावर उपकर बसवण्यात आला आणि त्या पैशातून पुढे देशातल्या देशात चहाचा प्रचार सुरू झाला. बाजारांत, जत्रांत, गिरण्यांच्या दारी प्रचारक येत, पाणी उकळून दाखवीत आणि पेला फुकट हाती देत. जोडीला एका पैशाची पुडी विकायला असे. हा प्रचार १९३० नंतरच्या दशकात शिगेस पोहोचला. पहिला पेला फुकट मिळाला, पण त्यानंतरच्या सर्व पेल्यांचे पैसे आपण देत आलो आहोत. आम्ही स्वतः चहाचे भक्त आहोत आणि या भाषणानंतर मिळणारा पेला नाकारणार नाही. सांगावयाचे इतकेच की, फुकट दिलेली वस्तू ही पुष्कळदा पेरणीसाठी टाकलेले बी असते.

अमेरिकेत याहून गमतीचा प्रकार घडला. विल्यम रिग्ली नावाचा गृहस्थ १८९१ साली शिकागोस आला आणि साबण विकू लागला. साबण खपावा म्हणून तो त्याबरोबर बेकिंग पावडरचा डबा भेट देई. लोकांना साबणापेक्षा पावडरच अधिक आवडली, तेव्हा त्याने साबण सोडून पावडर विकण्यास घेतली आणि तिच्याबरोबर चघळण्याचा डिंक, म्हणजे च्युइंगगम, भेट देण्यास प्रारंभ केला. आता लोक पावडरऐवजी डिंकच मागू लागले. मग त्याने पावडरही सोडली आणि तो डिंकाचा कारखानदार झाला. या गोष्टीत लबाडी नाही. उलट हुशारी आहे. पण तिच्यातून एक गुपित उघडे पडते. भेट आणि माल यांतले खरे कोण आणि शेपूट कोण, हे विक्रेत्यालाही आधी ठाऊक नसते. त्याच देशात 'क्रॅकर जॅक' या मक्याच्या लाह्यांच्या खोक्यात १९१२ पासून प्रत्येक वेळी एक खेळणे निघू लागले. लाह्यांची चव विसरणारी माणसेही त्या खेळण्यांची आठवण काढीत. २०१६ साली कंपनीने खेळणे काढून त्याजागी मोबाइलवर वाचावयाची खूण छापली, तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली.

आपल्याकडे ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात निघणारे प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी आठवत असतील. घरोघर राखुंडीने नाही तर बाभळीच्या काडीने दात घासले जात होते, त्या काळी हत्ती हवा म्हणून टूथपेस्ट आणावी असा हट्ट पोरांनी धरला. पुढे मॅगीच्या रिकाम्या पाकिटांवर भेटवस्तू मिळू लागल्या. तामिळनाडूत चिक शांपूवाल्यांनी आणखी एक पाऊल टाकले: कोणत्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा आणि आमची एक फुकट न्या. लोकांना सवय लागल्यावर त्यांनी अट बदलली, की पुड्या आमच्याच हव्यात. व्यापारशास्त्राच्या वर्गात ही कथा कौतुकाने सांगतात, आणि कौतुक करण्यासारखी ती आहेच. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने ती कोणी सांगत नाही.

आता पाच रुपयांच्या पुडीकडे येऊ. तिच्या पाठीमागे बारीक अक्षरांत निव्वळ वजन छापलेले असते. ते छापणे कायद्याने बंधनकारक आहे. समजा, ते पंधरा ग्रॅम आहे. पाच रुपयांना पंधरा ग्रॅम म्हणजे किलोला सुमारे ३३३ रुपये भाव पडला. आत काय आहे? मका वा तांदळाचे पीठ, पामतेल, मीठ, मसाला आणि पुष्कळशी हवा. आपल्या डोंगरातली मुख्य पिके भात, नागली आणि वरई. केंद्र सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,२९० रुपये ठरवला होता, म्हणजे किलोला त्रेचाळीस रुपयांच्या आत. तोही पाड्यावरच्या शेतकऱ्याच्या हाती पुरा पडतो किंवा कसे, हा वेगळा विषय. पण पुरा पडला असे धरले, तरी त्या पुड्यांच्या एक किलो मालासाठी त्याला पावणेआठ किलो नागली विकावी लागते. नागलीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. असले धान्य विकून आपण पंधरा ग्रॅम पोकळ कुरकुर आणतो, आणि शिट्टी फुकट मिळाली म्हणून समाधान मानतो.

रोज एक पुडी धरली तर महिन्याचे दीडशे रुपये होतात. दीडशे रुपयांनी कोणी बुडत नाही, असे कोणी म्हणेल. शहरात नसेल बुडत. परंतु ज्या घरात दोन मुले आहेत आणि भट्टीवरून आणलेली शिल्लक पुढच्या दिवाळीपर्यंत पुरवावयाची आहे, तेथे महिन्याला तीनशे रुपये म्हणजे तेलाची पिशवी आणि डाळ.

नोटांची लालूच तर याहून वाईट. २०२२ च्या डिसेंबरात कर्नाटकात रायचूर जिल्ह्याच्या लिंगसुगूर तालुक्यात पाच रुपयांच्या पुड्यांत पाचशेच्या नोटा निघाल्याच्या बातम्या आल्या. पाहता पाहता दुकानांतल्या पुड्या संपल्या. मोठी माणसे पुड्या फोडून आतले खाणे बाजूला टाकीत होती. हिशोब साधा आहे. हजार पुड्यांत पाचशेची एक नोट घातली, तर कारखानदाराला एका पुडीमागे पन्नास पैसे खर्च येतो. हजारांतला एकजण गावभर नाचतो आणि उरलेल्या नऊशे नव्याण्णव जणांनी त्याच्या नोटेची वर्गणी भरलेली असते. याला आपण बक्षीस म्हणतो. पत्त्यांच्या डावात याला दुसरे नाव आहे.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी आम्ही हा विषय मुख्यतः घेतला. फुकट वस्तू सर्वांना सारखी मिळत नाही. धुण्याच्या पावडरीची मोठी पिशवी घेणाऱ्यास बादली फुकट. चहाचा मोठा पुडा घेणाऱ्यास काचेची बरणी वा स्टीलची वाटी फुकट. दहा रुपयांची पावडर घेणाऱ्यास काही नाही. पाच रुपयांच्या पुडीवाल्या पोरास नखाएवढे प्लॅस्टिक. ज्याच्या खिशात एकदम तीन-चारशे रुपये आहेत त्यालाच उपयोगी भेट मिळते आणि त्याला माल बहुधा स्वस्तही पडतो. ज्याची मजुरी रोजची, त्याची खरेदीही रोजची, आणि त्याच्या वाट्याला शिट्टी.

शहरातल्या माणसाला बादली ही क्षुल्लक वाटेल. मोखाड्यात ती क्षुल्लक नाही. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ वैतरणेवर बांधलेले मध्य वैतरणा धरण २०१४ पासून मुंबईला पाणी देते, आणि उन्हाळ्यात आसपासच्या पाड्यांतल्या बायका डोक्यावर दोन आणि कमरेवर एक भांडे घेऊन विहीर वा टँकर गाठतात. तेथे एक जास्त बादली म्हणजे एक खेप वाचली. ती बादली जव्हार-मोखाड्याच्या पेठेतल्या पक्क्या घरात, जेथे नळ आहे, तेथे जाते. आमच्या घरीही अशा भेटीच्या बादल्या आहेत, हे लपवण्याचे कारण नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असतील.

कोणी म्हणेल, मुलाचा आनंद तुम्ही तराजूत घालता. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे आणि त्याचे पुरते उत्तर आमच्यापाशी नाही. पुडी फोडतानाच्या त्या एका क्षणात मुलाच्या डोळ्यांत जे चमकते, ते खोटे नसते. बक्षिसाची आस मोठ्यांनाही सुटत नाही. पण एक प्रश्न राहतो. ज्या मुलाचा आजा दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान घेऊन तारपा घडवतो, ज्याच्या गावात बोहाड्याला माणसे मुखवटे चढवून रात्र रात्र नाचतात, त्या मुलाला परक्या साच्यातून निघालेल्या, दोनदा फुंकताच फुटणाऱ्या शिट्टीसाठी पैसे का मोजावे लागावेत? शिट्टी तर तो कोयत्याने अर्ध्या घटकेत करू शकतो. असो; हे थोडे विषयांतर झाले.

त्या शिट्टीत धोकाही आहे. २०१७ साली आंध्रातल्या एलुरु येथे चार वर्षांच्या एका मुलाने चिप्सच्या पुडीतले प्लॅस्टिकचे खेळणे खाण्याबरोबर गिळले आणि तो दगावला. खाण्यात न खाण्याची वस्तू मिसळावयाची आणि ती वेगळी ओळखण्याची जबाबदारी चार वर्षांच्या पोरावर टाकावयाची, ही योजना ज्या मेजावर ठरली असेल तेथे एकही आई बसलेली नसावी.

कायदा काय म्हणतो? तो स्वस्थ बसलेला नाही. मक्तेदारीविरोधी कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन 'अनुचित व्यापारी प्रथा' हा शब्द आला. तो १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उतरला आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही आहे. भेट देण्याचा इरादा नसताना भेट जाहीर करणे ही अनुचित प्रथा. ज्या वस्तूची किंमत मालाच्या किमतीत सर्वस्वी किंवा अंशतः वसूल केली आहे, ती फुकट दिल्याचा भास निर्माण करणे हीही अनुचित प्रथा. बक्षीसयोजनेचा निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणे हीही. जेथे योजना जाहीर झाली त्याच वर्तमानपत्रांत निकाल ठळकपणे छापला तर तो कळवला असे मानतात. सूर्यमाळच्या पाड्यावर ते वर्तमानपत्र कोणी वाचावे, याचा खुलासा मात्र कायद्यात नाही. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. गरज नसताना माल घ्यावा म्हणून मुलांना भेटीचे आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींना उत्तेजन देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. शब्द सौम्य आहेत. सौम्य शब्दांनी दुकानाच्या दारातली माळ उतरत नाही. तरीपण जाहीर केलेली भेट दिली गेली नाही, तर १९१५ या क्रमांकावर तक्रार सांगता येते, आणि पाच लाखांच्या आतील व्यवहारासाठी ग्राहक आयोगापुढे जाण्यास शुल्क लागत नाही. हे दोन तपशील तरी टिपून ठेवावेत.

फुकट या शब्दाचा दुसराही एक अर्थ या तालुक्यात आहे, आणि तो विसरून चालणार नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची बालके भुकेने आणि आजाराने गेली, तेव्हा आपल्या गावाचे नाव देशभर पोहोचले. त्यानंतर बऱ्याच योजना आल्या-गेल्या. २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे ताजे जेवण मिळू लागले, आणि पुढच्या वर्षापासून लहान मुलांनाही अंडी वा केळी देण्याचे ठरले. ते अंडे खरोखर फुकट आहे. त्याच्या पाठीमागे दुसरी खरेदी लावलेली नाही. अंगणवाडीतून अंडे खाऊन निघालेले मूल रस्त्यापलीकडच्या दुकानात थांबते आणि पुडी मागते. पुष्कळदा पुडी आधी आणि अंगणवाडी मागाहून, असाही क्रम लागतो. मग ताटातले अर्धे उरते. सेविकाताई म्हणतात, भूकच नाही हो याला.

समोर आमचे व्यापारी बंधू बसले आहेत. त्यांनी रागावू नये. माळ त्यांनी विणलेली नाही. ती नाशिककडून नाही तर पालघरकडून घाट चढून येते, आणि दहा पेट्यांवर एक पेटी फुकट या आमिषाने त्यांनाही त्याच गळाला लावलेले असते. त्यांनी पुड्या विकू नयेत असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणून कोणी ऐकणारही नाही. दोन लहान गोष्टी मात्र त्यांच्या हातच्या आहेत. पहिली ही की, माळ दारातल्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर न लावता गल्ल्यामागे लावावी. दुसरी, दुकानात एक काळी पाटी टांगून तीवर चार-पाच जिनसांचा किलोचा भाव खडूने लिहावा: नागली, शेंगदाणे, फुटाणे, गूळ आणि शेवटी पुडीतला माल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शाळेतली पोरे वाचून दाखवतील. ३३३ हा आकडा वाचताना पोर अडखळणार नाही. तीन तिन्हे सोपे असतात.

राहता राहिली बादली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९७५ साली मुंबईत ग्राहक पंचायत निघाली. तिने एक साधी गोष्ट दाखवून दिली, की शेजारची घरे एकत्र येऊन महिन्याचा किराणा घाऊक घेऊन वाटून घेऊ शकतात. हे मध्यमवर्गाच्या चाळींत जमले, ते पाड्यावर न जमण्याचे कारण नाही. भात लावणीला एकमेकांच्या शेतावर जाणाऱ्या माणसांना एकत्र येणे कोणी शिकवावे लागत नाही. अगोटीच्या बाजाराला अजून काही आठवडे आहेत. पाच घरांनी मिळून पावडरीची एक मोठी पिशवी घ्यावी, तेलाचा डबा घ्यावा, आणि अंगणात मापून वाटावे. पावडरीबरोबर बादली येईल. घरे पाच आणि बादली एक, मग ती कोणी न्यावी यावरून तंटा होईल, अशी शंका परवा एका गृहस्थांनी काढली. आम्ही ती शंका एका पाड्यावरच्या बाईंना सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तंटा कशाला? विहिरीवर ठेवू की. दोराला बांधायला बादली नाहीच आमच्याकडं."